‘लॉयटरिंग’ म्हणजे नेमकं कोणाचं उभं राहणं?

काळेवाडी-रहाटणीच्या पट्ट्यात एका सोसायटीच्या कुंपणावर पाटी लागली आहे : ‘नो लॉयटरिंग’. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी मला त्याचा अर्थ विचारला. शब्दकोशातलं उत्तर सोपं आहे : रेंगाळणं, घुटमळणं, काम नसताना एका जागी थांबणं. पण मराठीत रेंगाळण्यात गुन्हा नाही. जिभेवर चव रेंगाळते, परतीचा पाऊस रेंगाळतो. मग इंग्रजीत आल्यावर या क्रियापदाला पोलीस कुठून चिकटले?

ते कायद्यातून चिकटले. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, त्याचं कलम १२२ काढून बघा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर रेंगाळणारा माणूस त्यात गुन्हेगार ठरतो. मात्र प्रत्येक माणूस नाही. जो ‘नावाजलेला चोर’ आहे आणि तिथे का होता याचं समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही, तोच. म्हणजे गुन्हा क्रियापदात नाहीच, कर्त्यात आहे! आणि चोर म्हणून कोण कोणाला नावाजतं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण पारध्याच्या पालावरची पोलिसांची नजर त्याच्याबरोबर गेली का, हे पालावर जाऊनच विचारा.

१९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा त्याहून पुढे जातो. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि सार्वजनिक जागी असा वावरतो की भीक मागून जगत असेल असं वाटावं, एवढ्यावर माणूस भिकारी ठरतो. त्याने हात पसरलेला असण्याचीही गरज नाही. पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती.

बाहेरही हेच घडलं आहे. शिकागो शहराने टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी नियम केला, त्यात या क्रियापदाची व्याख्या ‘उघड हेतू नसताना एका जागी राहणे’ अशी होती. हेतू ‘उघड’ आहे की नाही हे ठरवणार कोण? पोलीस. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम संदिग्ध म्हणून मोडीत काढला. आपल्याकडे २०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहून मुंबईतल्या बायकांसाठी कारणाशिवाय रेंगाळण्याचा हक्कच मागितला. मागणी रास्त आहे. फक्त ती मागताना कोणाला धाडस म्हणून शाबासकी मिळते आणि कोणाला फटका, याचा हिशेब जातीशिवाय पुरा होत नाही.

आता आपल्या चौकात या. सकाळी मजूर अड्ड्यावर माणसं उभी असतात : मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची. हातात थापी, पिशवीत डबा. मुकादम येईपर्यंत त्यांचं थांबणं हेच त्यांचं काम आहे. दहा वाजले, काम मिळालं नाही, की तोच माणूस त्याच जागी ‘रिकामटेकडा’ होतो आणि दुकानदार त्याला हुसकतो. आणि आमची पोरं? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात. अभ्यासिका बंद झाल्यावर ती रस्त्याच्या दिव्याखाली कठड्यावर बसतात. मागच्या महिन्यात त्यांना दोनदा उठवलं, नावं लिहून घेतली, आडनाव मुद्दाम पुन्हा विचारलं. समोरच्या कॅफेबाहेर गाडीला टेकून त्याच वेळी गप्पा मारणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या थांबण्याला ‘हँगआउट’ म्हणतात.

पोरांना मी पाटीचा अर्थ सांगितला, आणि सोबत संविधानातलं कलम १९ वाचायला दिलं. रस्ता सोसायटीचा नाही, पालिकेचा आहे. पालिकेकडे आमच्या मागण्या साध्या आहेत : अड्ड्यावर शेड, पिण्याचं पाणी, शौचालय, आणि अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी. अर्ज तयार आहे. सह्या करायला रविवारी सकाळी या, आम्ही फाट्यावरच उभे असू.