आधी नाडी, मग घड्याळ

हल्ली आपल्या महाविद्यालयात व्यायामाची हौस वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. जिमखान्याच्या मैदानावर सकाळी पळणारे दिसतात. टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोत फिरायला येणाऱ्यांत विद्यार्थीही असतात. सैन्यभरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणारी आसपासच्या खेड्यांतली मुले तर पहाटेच रस्त्यावर उतरलेली असतात. या हौसेबरोबर एक खरेदीही आली आहे, ती म्हणजे हृदयाचे ठोके दाखवणारे घड्याळ. दोन तासांच्या मधल्या वेळेत वर्गात ऐकू येणारा 'तुझे किती आले?' हा प्रश्न आता गुणांविषयीच असतो असे नाही.

हे यंत्र वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ते कोणी घ्यावे, कोणते घ्यावे आणि त्यावरच्या आकड्यावर किती विसंबावे, याचा विचार न करताच ते घेतले जाते आणि पैसे बहुधा वडिलांच्या खिशातून जातात. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या सीमाभागात दोन भाषा कानांवर पडतात, त्याचा इथे चांगला उपयोग होतो. नाडी हा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडमध्येही आहे. पण कन्नडमध्ये 'एदेबडित' आणि 'नाडीमिडित' असे दोन निराळे शब्द आहेत. पहिला छातीतल्या ठोक्याचा, दुसरा नाडीच्या उडण्याचा. बाजारात मिळणारी यंत्रेही नेमकी याच दोन जातींची आहेत.

पहिली जात छातीवर बांधायच्या पट्ट्याची. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो कागदावर उतरवण्याच्या कामाबद्दल डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोवेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डॉक्टरांकडचा ईसीजी तो हाच. छातीवरचा पट्टा त्याच प्रवाहाची चाहूल घेतो आणि बिनतारी संदेशाने आकडा मनगटावरच्या घड्याळाला किंवा मोबाईलला कळवतो. फिनलंडमधले प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ साली पोलार ही कंपनी काढली आणि १९८२ साली अशा तऱ्हेचे पहिले बिनतारी यंत्र बाजारात आणले. बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंना पळता पळता ठोके कळावेत, ही त्यामागची मूळ गरज होती.

दुसरी जात मनगटावरच्या घड्याळाची. त्याच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकत असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. नाडी उडते तेव्हा कातडीखालचे रक्त क्षणभर वाढते आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. या चढउतारावरून घड्याळ ठोक्यांचा अंदाज बांधते. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता. तोही प्रकाशावरच चालतो, पण तो लावून आपण स्वस्थ बसलेले असतो. पळताना मात्र हात हलतो, घड्याळ हलते, आणि यंत्राला नाडीचा चढउतार कोणता व हाताच्या झोक्याचा कोणता हे कळेनासे होते. कधी कधी ते पावलांचीच लय पकडते. मिनिटाला १६५ पावले पडत असतील तर घड्याळही १६५ दाखवते, आणि आपण समजतो की हृदय तेवढे धावते आहे!

यावरून निवड कशी करावी ते आपोआप ठरते. चालणे, सावकाश पळणे, दिवसभराची नोंद ठेवणे, एवढ्यासाठी मनगटावरचे घड्याळ पुरते. पण क्षणात जोर, क्षणात विश्रांती असा सराव असेल तर छातीचा पट्टाच खरा, कारण अशा वेळी मनगटाचा आकडा मागे रेंगाळतो. वजने उचलताना मूठ आवळली जाते, तेव्हाही मनगटावरचा अंदाज चुकतो. तालमीत जोर-बैठका काढणाऱ्याला यांपैकी कशाचीच गरज नाही. कबड्डीच्या पकडीत तर मनगटावर घड्याळ असणे हे पकडणाऱ्याला आणि पकडल्या जाणाऱ्याला, दोघांनाही धोक्याचे.

घेतलेच तर ते नीट वापरावे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधावे. बांगडीसारखे सैल ठेवले तर त्याचा उपयोग नाही. थंडीत कातडीखालचे रक्त कमी होते, म्हणून डिसेंबरच्या सकाळी पहिल्या काही मिनिटांचा आकडा गंभीरपणे घेऊ नये. छातीच्या पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करून मगच तो बांधावा, कारण कोरड्या पट्ट्याला घाम येईपर्यंत काही समजत नाही. वापरल्यावर पट्टा धुवावा. घामाचे मीठ साचले की तो लवकर निकामी होतो.

विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. ती फुकट आहे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तर्जनी आणि मधले बोट ठेवून नाडी शोधावी. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी उडत असते. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चाराने गुणावे. मग दुकानातल्या घड्याळाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. बसून एकदा आणि जिना चढउतार करून एकदा. काही स्वस्त घड्याळे टेबलावर ठेवली तरी ठोके दाखवत राहतात. टेबलाला हृदय नसते हे लक्षात ठेवले की दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण उरत नाही.

आता आकड्याच्या अर्थाकडे वळू. जवळजवळ प्रत्येक जिममध्ये एक सूत्र सांगितले जाते. २२० मधून वय वजा करा, ती तुमच्या हृदयाची कमाल गती. म्हणजे विशीतल्या आपल्याला २००. हे सूत्र १९७१ साली सॅम्युएल फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका लेखातून पुढे आले. निरनिराळ्या जुन्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून त्यांतून काढलेली ती एक ढोबळ रेषा होती. पुढे २००१ साली हिरोफुमी तनाका व सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतील १८,७१२ लोकांची माहिती तपासली आणि २०८ मधून वयाचा सात दशांश भाग वजा करावा, असे सूत्र सुचवले. त्याने विशीतल्याची कमाल गती १९४ येते, आणि साठीतल्याची १६०च्या जागी १६६.

पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. ही दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. सरासरी म्हणजे व्यक्ती नव्हे, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांत दहा-बारा ठोक्यांचे अंतर सहज असते. एकाची कमाल १८५ तर दुसऱ्याची २०५, आणि दोघेही ठणठणीत. असे असताना '२०० गाठायचेच' म्हणून पहिल्याने दात-ओठ खात पळत सुटणे हा व्यायाम नव्हे, हट्ट झाला.

त्यापेक्षा फिनलंडच्याच मार्टी कार्व्होनेन यांची १९५७ सालची रीत मला अधिक पटते, कारण तिच्यात माणसाची स्वतःची नाडी हिशोबात धरली जाते. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच नाडी मोजावी. समजा ती ७० आली. कमाल १९४ धरली तर फरक १२४. त्याचे साठ ते सत्तर टक्के म्हणजे ७४ ते ८७. त्यात मूळचे ७० मिळवले की १४४ ते १५७ ही मध्यम व्यायामाची पट्टी मिळते. सराव वाढून सकाळची नाडी ५५ वर आली तर तीच पट्टी १३८ ते १५२ होते. व्यायामाचा लाभ डोळ्यांना दिसतो तो इथे, आणि त्यासाठी अंथरुणातली दोन बोटे पुरतात.

आकडा खाली-वर होण्याची कारणेही पुष्कळ आहेत. जागरण, ताप, चहा, उन्हाळा, परीक्षेची धास्ती, या सर्वांनी ठोके वाढतात. मे महिन्यातल्या उन्हात त्याच वेगाला जानेवारीपेक्षा अधिक ठोके पडणे स्वाभाविक आहे. उलट रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी ठोके वाढतच नाहीत. म्हणून आपले सूत्र घरातल्या वडीलधाऱ्यांना लावायला जाऊ नये, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीत दाब वाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, चक्कर येणे यांपैकी काही झाले तर घड्याळाकडे पाहू नये. थांबावे आणि डॉक्टर गाठावा. घड्याळ ठोके मोजते. रक्तवाहिनीत अडथळा आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. 'आकडा तर बरोबर आहे' म्हणून दुखणे अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

काही मित्र म्हणतील, पळता पळता नाडी कशी मोजणार? हा आक्षेप रास्त आहे. थांबून मोजावे तर तेवढ्यात ठोके उतरू लागतात. यंत्राचा खरा उपयोग इथेच आहे. ज्याला आपण नेहमी फार जोरात पळतो हे उमजत नाही, त्याला यंत्र दोन-तीन महिन्यांत ते शिकवते. पण शिकवणी जन्मभर लावायची नसते. पळताना सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा व्यायाम मध्यम आहे. दोन-चार शब्दांपलीकडे बोलवत नाही, तेव्हा तो जोराचा आहे. ही कसोटी शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. त्याला घड्याळाची अट घातलेली नाही.

आता हिशोब. समजा चार हजारांचे यंत्र घेतले आणि दोन वर्षे, आठवड्यातून पाच दिवस वापरले, तर सुमारे पाचशे वेळा वापर होतो आणि दर वेळेचा खर्च आठ रुपये पडतो. तो कोणी महाग म्हणणार नाही. पण महिनाभर वीस वेळा वापरून ते कपाटात गेले, तर दर वेळेचा खर्च दोनशे रुपये! वस्तू स्वस्त की महाग हे छापील किमतीवरून ठरत नाही, वापरावरून ठरते. शिवाय अशा यंत्रांबरोबर मोबाईलवर घ्यायची सोय ठोक्यांची नोंद बहुधा कंपनीच्या संगणकाकडे पाठवते. ती परवानगी वाचून द्यावी, डोळे मिटून देऊ नये.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येकाने स्वतंत्र घड्याळ घेण्याऐवजी जिमखान्याने छातीचे दोन यंत्रपट्टे घ्यावेत. त्यातले यंत्र पट्ट्यापासून सुटे होते, तेव्हा कापडी पट्टे ज्याचे त्याचे वेगळे ठेवता येतील आणि स्वच्छतेची अडचण येणार नाही. चार हजारांप्रमाणे दोन यंत्रांचे आठ हजार. चाळीस विद्यार्थ्यांत वाटले तर प्रत्येकी दोनशे. मैदानी स्पर्धांची तयारी करणाऱ्यांनी आणि भरतीला जाणाऱ्यांनी ती आळीपाळीने महिनाभर वापरावीत, आपला अंदाज पक्का करावा आणि पुढच्याच्या हाती द्यावीत. जिमखान्याचे शुल्क आपण सारेच भरतो. त्यातून काही जणांच्याच नव्हे तर सर्वांच्या उपयोगाची वस्तू येणे न्यायाचे होईल. भरतीच्या तयारीला पहाटे उठणाऱ्या मुलाला घड्याळ परवडत नाही म्हणून तो आपल्या शरीराविषयी अज्ञानात राहावा, हे काही बरे नव्हे.

आणि यंत्रे येण्याची वाट पाहण्याचे तर कारणच नाही. उद्या सकाळी अंथरुणात एक मिनिट पडून राहावे, दोन बोटे मनगटावर ठेवावीत, ठोके मोजावेत आणि वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहावेत. महिनाभर एवढे ज्याच्याने झाले, त्याने खुशाल घड्याळ घ्यावे. त्या आकड्याचा अर्थ त्याला लागेल.