‘सगळे नाहीत’ म्हणजे नक्की किती नाहीत?

पूर्णगडच्या बंदरावर कुणी म्हणालं, “सगळ्या होड्या आल्या नाहीत,” तर ऐकणारा लगेच विचारतो: एकही आली नाही, की काही यायच्यात? मुचकुंदीच्या मुखाशी हा प्रश्न जीवाचा असतो. गणिताच्या वहीत मात्र “क चे सगळे घटक ख मध्ये नाहीत” हे वाक्य बिनदिक्कत खपतं. त्याचे दोन अर्थ होतात आणि प्रत्येक अर्थाची सिद्धता वेगळी. पोरगी गोंधळली की निदान तयार: मराठी माध्यम ना, मग कच्ची असणारच.

साफ खोटं. कच्चं आहे ते वाक्य. “एकही घटक नाही” किंवा “निदान एक घटक नाही” असं लिहा, गोंधळ संपला.

मराठीला संचांची भाषा परकी नाही. “जो जो क मध्ये, तो तो ख मध्ये” ही उपसंचाची व्याख्या आपली आजीसुद्धा समजेल. ‘जो-तो’ची ही सोय इंग्रजीला हेवा वाटावा अशी आहे. तरी आपण इंग्रजी वाक्य उलटंपालटं करून “असा घटक की जो” लिहितो आणि दोष मराठीला देतो.

चिन्हांचं तेच. ∈ हे चिन्ह पेआनोनं १८८९ साली ‘आहे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाच्या आद्याक्षरावरून घेतलं. चिन्ह म्हणजे आखडलेला शब्द. जी ओळ मोठ्यानं वाचता येत नाही, ती सिद्धता नव्हे, नुसती नक्षी.

कँटरचं १८९१ चं प्रमेय घ्या: कोणत्याही संचाला घटकांपेक्षा उपसंच जास्त असतात. बऱ्याच ठिकाणी ते “समजा तसं नाही” इथून सुरू होऊन विसंगतीवर संपतं. मुलं ‘विसंगती’ हा शब्द पाठ करतात, कारण हातातून निसटतं. सरळ सांगा. गावातल्या प्रत्येकाच्या नावे गावकऱ्यांचा एकेक गट लावा, रिकामा गटही चालेल. आता नवा गट करा: जो जो आपल्या नावच्या गटात नाही, तो तो यात. हा गट कुणाच्याच नावे लागलेला नाही, कारण प्रत्येकाच्या गटाहून तो निदान त्या एका माणसापुरता वेगळा आहे. झालं. गाव अनंत असलं तरी हेच.

“शब्द बदलून गणित बदलत नाही,” असं म्हणणारे भेटतील. खरंय, गणित बदलत नाही. ते कुणापर्यंत पोचतं, हे बदलतं. याच जिल्ह्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, याचा अभिमान आपण सव्वाशे वर्षं पुरवून खातोय. एक सिद्धता धड मराठीत लिहायला मात्र वेळ नाही.

आज एक करा. वहीतली कोणतीही सिद्धता शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवा. तो जिथे “म्हणजे?” विचारेल, ती ओळ खोडून पुन्हा लिहा. त्याला मूर्ख म्हणू नका. चूक तुमच्या ओळीत आहे.