वाऱ्याला विचारून बांधलेलं घर

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण स्लॅबच्या घरात, अगदी वरच्या मजल्यावर राहत असतील. मे महिन्यात रात्री अकरा वाजता कधी भिंतीला हात लावून पाहिलाय? चांगली गरम लागते! सूर्य मावळून चार तास झालेले असतात, पण सिमेंट आणि विटा दिवसभर ऊन पिऊन बसतात आणि रात्री ते हळूहळू बाहेर सोडतात. पंखा बिचारा तीच गरम हवा गरागरा फिरवत राहतो.

असाच त्रास फिलिपिन्समधल्या मुलांनाही होतो. सात हजारांहून जास्त बेटांचा हा देश. त्याची राजधानी मनिला साधारण कारवारच्याच अक्षांशावर येते. एप्रिल-मेमध्ये उकाडा, जूनपासून नैऋत्येकडचा पाऊस, सगळं ओळखीचं. त्यात भर म्हणजे वादळं. दर वर्षी सरासरी वीसेक वादळं त्या भागात शिरतात आणि त्यांतली आठ-नऊ थेट जमिनीवर धडकतात. वर भूकंप आहेतच. अशा ठिकाणी आजी, आईबाबा आणि दोन मुलं अशा पाच जणांसाठी नवं घर बांधायचं, तर ते कसं असावं? चला, आज आपणच आराखडा काढू या. पण आधी तिथली जुनी घरं पाहायला हवीत.

सगळ्यात जुनं म्हणजे ‘बाहाय कुबो’. बाहाय म्हणजे घर. बांबूच्या खांबांवर उचललेली झोपडी, वर निपा नावाच्या पाणथळ जागी वाढणाऱ्या ताडाच्या झावळ्यांचं उंच, उतरतं छप्पर. खालच्या मोकळ्या जागेला म्हणतात ‘सिलोंग’. तिथे कोंबड्या, डुकरं, सरपण, अवजारं. पूर आला तरी घर कोरडं! जमीन बांबूच्या पट्ट्यांची, मध्ये फटी ठेवलेल्या. खालून गार हवा वर येते आणि केर काढायचा तर फटींतून सरळ खाली. (आईला ही सोय नक्की आवडेल.) गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि उंच छपराच्या झावळ्यांमधून निघून जाते. खालून गार आत, वरून गरम बाहेर. विजेशिवाय चालणारा पंखाच की हा!

हे घर इतकं हलकं की शेजारीपाजारी खाली बांबू घालून ते खांद्यावर उचलत आणि नव्या जागी नेऊन ठेवत. घरमालकानं मग सगळ्यांना जेवायला घालायचं. अशा मदतीला तिकडे ‘बायानिहान’ म्हणतात.

पुढे स्पॅनिश लोकांच्या राजवटीत आणखी एक घर तयार झालं, ‘बाहाय ना बातो’, म्हणजे दगडाचं घर. नाव दगडाचं, पण दगड फक्त तळमजल्याला. माणसं राहायची ती वरच्या लाकडी मजल्यावर. कुबोचीच युक्ती, जरा श्रीमंती थाटात! व्हिगान शहरात अशा घरांच्या रांगा अजून उभ्या आहेत. 1999 साली युनेस्कोनं त्या शहराला जागतिक वारशाचा मान दिला.

या घराच्या खिडक्या मला फार आवडतात. मोठ्या खिडकीला बाजूला सरकणाऱ्या झडपा, आणि त्यांत काचेऐवजी चौकोनी कापलेले पातळ शिंपले. त्यांना ‘कापिझ’ म्हणतात. ऊन त्यांतून गाळून येतं, डोळ्यांना टोचत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना अगदी याच जातीचे शिंपले बसवलेले दिसतात. पुढच्या सुट्टीत गेलात तर जरूर शोधा. मोठ्या खिडकीच्या खाली, पार जमिनीलगत, आणखी एक छोटी गजांची खिडकी असते, ‘व्हेंटानिला’. पाऊस आला, वरची झडप लावली, तरी हिच्यातून वारा येतच राहतो. चटईवर झोपणाऱ्याला तर थेट अंगावर! खोल्यांमधल्या भिंतींच्या वरच्या भागात जाळीदार नक्षी कोरलेली. ती नुसती शोभेची नव्हे बरं का, एका खोलीतली हवा दुसरीत जाण्याची ती वाट.

“मग बांधा की बांबूचंच घर!” असं कोणीतरी म्हणेलच. पण थांबा. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये ‘हैयान’ नावाचं चक्रीवादळ आलं, तेव्हा हजारो माणसं गेली आणि लाखो घरं मोडली. झावळ्यांचं छप्पर अशा वाऱ्यापुढे टिकत नाही, आग चटकन पकडतं आणि ठरावीक वर्षांनी शाकारावं लागतं. शिवाय तिथेही लोकांना वाटतं, बांबूचं घर गरिबाचं, सिमेंटचं घर पैसेवाल्याचं. आपल्याकडे कौलारू घर पाडून स्लॅब टाकतात तसंच. आपल्या आजीला मजबूत घर हवंय, यात तिचं काय चुकलं?

म्हणून आपला सांगाडा काँक्रीटचाच. तळमजला सिलोंगसारखा मोकळा: सायकली, पावसात कपडे वाळवायची दोरी, कॅरमचा बोर्ड. मात्र नुसत्या बारीक खांबांवर घर तोलायचं नाही. भूकंपात असा मोकळा मजला आधी मोडतो. खांब जाड हवेत आणि काही ठिकाणी खालपासून वरपर्यंत पक्की भिंत हवी.

घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन कमी भिंतींवर पडेल. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो, पावसाळ्यात नैऋत्येकडून. म्हणून प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन तोंडं द्यायची. एकच खिडकी असेल तर वारा आत येऊन करणार काय? त्याला बाहेर पडायला वाटच नाही!

छपराची गंमत ऐका. 1880 साली मनिलात मोठा भूकंप झाला. त्यानंतर जड कौलं मागे पडली आणि हलका पत्रा आला. पत्रा डोक्यात पडून जीव घेत नाही, पण तापतो भलताच. मग त्याच्याखाली हातभर पोकळी सोडून दुसरं छत घालायचं आणि शिखराशी जाळी ठेवायची, म्हणजे गरम हवा तिथूनच पळेल. छप्पर चौपाखी, कारण चारही बाजूंनी उतार असला की वादळाला पकड कमी मिळते. वळचण खोल हवी, नाहीतर पाऊस खिडकीतून आत येणार. पण खोल वळचणीखाली वारा शिरून सगळं छप्पर उचकटू शकतो! उपाय असा, की पडवीचं छप्पर वेगळं जोडायचं. गेलं तर तेवढंच जाईल. मुख्य छप्पर धातूच्या पट्ट्यांनी तुळयांना घट्ट बांधायचं.

समुद्रातले कापिझ शिंपले फार काढल्यानं कमी झालेत. तेव्हा जिन्यातली एकच खिडकी त्यांची, आजीसाठी. व्हेंटानिला मात्र सगळ्या खोल्यांत!

जुन्या घरांतली ही अक्कल नव्या इमारतींत आणण्यासाठी फ्रान्सिस्को मान्योसा हे वास्तुविशारद आयुष्यभर झटले. 2018 मध्ये त्यांना राष्ट्रीय कलावंताचा किताब मिळाला, 2019 मध्ये ते गेले. मनिलात त्यांनी नारळाच्या लाकडाचा, करवंट्यांचा एक महालही उभारला. गरीब देशात एवढा खर्च कशाला, म्हणून लोकांनी नावंही ठेवली. मला विचाराल तर मला महालापेक्षा झोपडीच जास्त हुशार वाटते.

एक प्रयोग करून पाहा, पण मोठ्यांना जवळ बसवून. बुटांच्या खोक्याच्या एका बाजूला तळाशी भोक पाडा. पुढची बाजू कापून तिथे पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवा. भोकातून उदबत्तीचा धूर आत सोडा आणि धूर किती वेळ रेंगाळतो ते मोजा. मग झाकणाला दुसरं भोक पाडून तेच पुन्हा करा.

आणि हो, आपल्या घराचं स्वयंपाकघर कुठे ठेवायचं ते मी मुद्दामच सांगितलेलं नाही. जुन्या दगडी घरांत ते मागच्या अंगाला, जरा वेगळं असे, धुरामुळे आणि आगीच्या भीतीनं. वाऱ्याच्या दोन्ही दिशा लक्षात घेऊन जागा तुम्ही ठरवा आणि नकाशा काढून पाठवा. पोस्टकार्डावर मावेल एवढाच हं!