मुद्देमाल की शोभेची वस्तू?

काडतूस झाडल्यावर जे रिकामे पितळी कवच मागे उरते, त्याला पंचनाम्याच्या मराठीत 'पुंगळी' म्हणतात. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराच्या लेखी ती मुद्देमाल असते, भंगारवाल्याच्या लेखी पितळ, आणि दिवाणखाना सजविणाऱ्याच्या लेखी कलावस्तू. एकाच वस्तूला ही तीन नावे कोण देतो आणि कोणत्या क्रमाने देतो, हा प्रश्न केवळ भाषेचा नाही.

पुंगळ्यांपासून शोभेच्या वस्तू घडविण्याची प्रथा पहिल्या महायुद्धात फोफावली. तोफगोळ्यांच्या पितळी कवचांवर नक्षी ठोकून सैनिकांनी, इस्पितळांतील जखमींनी आणि युद्धकैद्यांनी फुलदाण्या, राखदाण्या, दिवे बनविले. युद्ध संपल्यावर बेल्जियमच्या उद्ध्वस्त गावांतील रहिवासी हाच माल मृतांच्या कबरी पाहावयास आलेल्या नातलगांना विकू लागले. सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त यांचे हे पितळ तापवून विझविले की मऊ पडते आणि हातोडीला वश होते. पुण्याच्या तांबट आळीत कुणाही कारागिराला हे सांगावे लागणार नाही. ज्या हातांनी खंदकात बसून ती नक्षी उमटविली, त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. ती त्यांची स्वतःची स्मृती होती.

रायपूरचे प्रकरण निराळे आहे. तेथील हस्तकलेच्या दुकानांत बस्तरच्या पितळी मूर्ती मांडलेल्या असतात. कोंडागावचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे तंतू गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या जागी भंगाराचे पितळ ओततात. याच रायपुरात ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी माओवाद संपविण्यासाठी मार्च २०२६ ची मुदत जाहीर केली. युद्ध ओसरले की त्याची स्मृतिचिन्हे बाजारात येतात, हा जगाचा अनुभव आहे. तेव्हा उद्या बस्तरच्या पुंगळ्यांचे कलमदान 'शांततेचे प्रतीक' म्हणून कुणी पुढे केले, तर आश्चर्य वाटावयास नको.

पण त्या पुंगळीचे बूड उलटून पाहावे. तेथे कारखान्याची खूण आणि वर्ष कोरलेले असते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यातही काडतुसे तयार होतात. म्हणजे दंडकारण्यात पडलेल्या पुंगळीवर मराठी कामगाराच्या श्रमाचा शिक्का असणे मुळीच अशक्य नाही. त्याच बुडावर फायरिंग पिनचा ठसा असतो, आणि गोळी कोणत्या बंदुकीतून सुटली हे तो तज्ज्ञाला सांगू शकतो. वास्तविक, पुंगळी ही प्रथम साक्षीदार आहे.

साक्षीदाराची गरज बस्तरइतकी क्वचितच कुठे भासली असेल. २८ जून २०१२ च्या रात्री विजापूर जिल्ह्यातील सारकेगुडा येथे १७ जण मारले गेले. माओवाद्यांशी चकमक झाली, असे सांगण्यात आले. न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल आयोगाचा अहवाल आला तो २०१९ मध्ये, आणि मृत माओवादी होते याला पुरावा नाही, असे त्यात नमूद झाले. १७ मे २०१३ रोजी एडसमेटा येथे बीज पंडुमसाठी जमलेल्या ग्रामस्थांपैकी आठ जण गोळ्यांना बळी पडले; त्याचा अहवाल विधानसभेपुढे आला २०२२ मध्ये. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटला येथे माओवाद्यांनी ७६ जवान मारले, त्या रात्रंदिवस राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांचाही हिशेब याच वहीत हवा. तो आम्ही टाळू इच्छित नाही.

राहिले भंगार. गोळाबारीच्या मैदानांलगतच्या गावांत धातू वेचणे हे गरिबाचे पोट भरण्याचे साधन असते आणि त्यात जीवही जातो. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले. मृतांत कंत्राटदाराने रोजंदारीवर आणलेले आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. कायमस्वरूपी नोकरीतील कामगाराला जे प्रशिक्षण मिळते ते रोजंदारीवाल्याला कोण देतो? चकाकत्या फुलदाणीच्या किमतीत हा खर्च कुणी धरीत नाही.

कारागिराच्या पोटावर पाय द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. घडव्यांना पितळ हवेच आहे, आणि ते महागच मिळते. सरकारजमा पुंगळ्या, न्यायालयीन काम आटोपल्यावर, व्यापाऱ्याच्या लिलावात न घालता कारागिरांच्या सहकारी संस्थांना भंगाराच्या भावाने द्याव्यात. त्यांतून काय घडवावयाचे, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. कलमदानाचा नमुना रायपूरहून पाठविण्याचे कारण नाही. मात्र मुशीत पितळ वितळले की बुडावरची खूण, वर्ष आणि फायरिंग पिनचा ठसा ही तिन्ही कायमची पुसली जातात. म्हणून प्रत्येक चकमकीच्या ठिकाणी किती पुंगळ्या सापडल्या, त्या कोणत्या बंदुकीच्या, आणि ही नोंद मृतांच्या कुटुंबीयांना दाखविली काय, याची यादी भट्टी पेटविण्यापूर्वी प्रसिद्ध झाली पाहिजे.