पडलं नाही, पाडलं!

पेपरात छापून येतं, 'झोपडपट्टीवर बुलडोझर फिरला.' फिरला म्हणे! जसा काय वळीव येऊन गेला. कुणी फिरवला, ते वाक्यात कुठंच नाही.

मित्रांनो, या शब्दाचं कूळ तपासा. बुलडोझर हे यंत्र नंतरचं. 'बुलडोझ' हे क्रियापद आधीचं. ते गाजलं अमेरिकेत, लुइझियाना राज्यात, १८७६ च्या निवडणुकीत. १८७० च्या घटनादुरुस्तीनं काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. कालचा गुलाम आज मत देतो, हे गोऱ्या मळेवाल्यांना सोसवेना. टोळ्या निघाल्या. काळ्याला घरातून ओढायचं, चाबकानं फोडायचं, मत देशील तर याद राख म्हणायचं. याचं नाव बुलडोझ करणं. बुल म्हणजे बैल, डोझ म्हणजे मात्रा. बैलाला द्यावा तेवढा मार, अशी फोड कोशकार करतात.

माती लोटणाऱ्या पोलादी पात्याच्या ट्रॅक्टरला हे नाव चिकटलं १९३० च्या आसपास. म्हंजे हा शब्द पयल्यांदा माणसं मोडायला शिकला, घरं मोडायला मागनं.

आपल्याकडं आला तोही जुना धंदा घेऊनच. १९७६, आणीबाणी: दिल्लीत तुर्कमान गेट, मुंबईत मानखुर्दची जनता कॉलनी. जुलै १९८१, भर पावसात मुंबईच्या फुटपाथवाल्यांना उचललं. १९८५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. आणि पाडायची मुभाही दिली, पावसाळा संपल्यावर! १३ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टानं बजावलं: पंधरा दिवसांची नोटीस द्या, नियम मोडून पाडलं तर अधिकाऱ्यानं पदरचे पैसे भरावेत. झकास! पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेचा कडा, नदीकाठ इथल्या बेकायदा बांधकामाला हे लागू नाही. मग गरीब राहतो तरी कुठं, सायेब?

मराठीत 'पडणं' आणि 'पाडणं' यांत एका कान्याचा फरक. भिंत आपोआप पडते, पाडतं कुणीतरी. तो काना खाऊन टाकला की गुन्हेगार गायब.

तेव्हा यंत्राशी भांडू नका. यंत्राला हुकूम लागतो, हुकमावर सही लागते. सही कुणाची, नोटीस कुठाय, दुसरी जागा कुठं देणार, हे तोंडावर विचारा. वाक्यातून पळालेला कर्ता कॉलर धरून वाक्यात परत आणा.