एका वर्षाची माझी गाणी

डिसेंबर सरत आला की आमच्या नातीचं आणि तिच्या मैत्रिणींचं एक काम असतं. 'यंदाची माझी आवडती गाणी' अशी यादी करायची आणि एकमेकींना पाठवायची. परवा मला म्हणाल्या, "आजी, तुम्हीही करा ना एखाद्या वर्षाची!" मी म्हटलं, माझं वर्ष एकच बाई, १९५५.

त्या वर्षी रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवं गाणं. मध्ये अधिक भाद्रपद आला, म्हणून बावन्नाची छप्पन्न गाणी झाली आणि पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ ला, ती संपली. शुक्रवारी सकाळी नवं गाणं लागे आणि शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. हे पुन्हा लागणं आमच्या घरात किती मोलाचं ठरलं, तेच सांगायचंय.

मी तेव्हा नऊ वर्षांची. वाड्यात रेडिओ एकच, मालकांच्या माजघरात. तिसऱ्याच आठवड्यात कौसल्येचं गाणं आलं, पोटी मूल नाही म्हणून झुरणाऱ्या राणीचं. ललिता फडके गायल्या होत्या. वाळवणांचे दिवस, सगळ्याजणी पापड लाटत बसलेल्या. आमच्या काकूंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि घरात मूल नव्हतं. बारशाचं, ओटीभरणाचं बोलावणं यायचं ते आईला. काकूंना कुणी मुद्दाम टाळायचं नाही, पण आग्रहही करायचं नाही. गाणं सुरू झालं आणि काकू "दूध उतू जाईल" म्हणून उठल्या. दूध केव्हाच तापवून झालं होतं.

शनिवारी त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. रविवारी पुढे येऊन बसल्या, सगळं ऐकलं, आणि दुपारी आईला म्हणाल्या, "जाऊबाई, तेवढं गाणं मला उतरवून द्याल का? तुमचं अक्षर चांगलं आहे."

तेव्हा माझ्या यादीत पहिलं तेच. लोक भरताची समजूत घालणाऱ्या रामाचं गाणं आधी सांगतात. थोर आहे, नाही कोण म्हणतं? पण ते आम्हाला एरवीही ऐकवलं जायचं, कुणी दगावलं की हमखास!

दुसरं सीतेचं. राम वनात निघालाय, निरोप घ्यायला आलाय, आणि ही तो द्यायलाच तयार नाही. मी बरोबर येणार म्हणते. माणिक वर्मांचा आवाज असा की हट्ट आहे, पण आदळआपट नाही. आपल्याला कधी जमलंय का असं?

आणि तिसरं अगदी शेवटाकडचं. डोहाळे पुरवायच्या निमित्तानं वनात आणून सोडलेली सीता लक्ष्मणाला विचारते, ते. लता मंगेशकर गायल्या. त्या दिवशी गाणं संपलं तरी कुणी उठेना. मालकीणबाईंच्या सासूबाई, रोज रामरक्षा म्हणणाऱ्या, हळूच म्हणाल्या, "रामानं हे बरं नाही केलं." वाड्यात रामाला नाव ठेवलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

पुढे बाबूजींनी सगळं गीतरामायण एकट्यानं गाऊन गावोगाव पोचवलं. बहुतेक घरांत तेच ध्वनिमुद्रण आहे, आणि ते उत्तमच आहे. तरी कौसल्या, सीता, शबरी मला बायांच्याच आवाजात ऐकू येतात. मूळ आवाज कुठं मिळाले तर अवश्य ऐका. एकट्या असताना ऐका, हातात काम नसताना.

काकू गेल्या तेव्हा त्यांच्या फणेरपेटीत आरशाखाली चार घड्यांचा एक कागद निघाला. आईचं अक्षर, कडेला कुंकवाचं बोट. मूल त्यांना झालं नाही. तो कागद आता माझ्याकडे आहे. असे जुने कागद तुमच्याकडेही असतील, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, दमट होतात. सुती फडक्यात ठेवा, वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला, आणि पावसाळा सरला की एकदा सावलीत उलगडून वारा द्या.