गाडी तुमची, जोखीम कुणाची?

गाडीत केलेले बदल विमा कंपनीला कळवणारा माणूस भोळसट असतो, असं एका गृहस्थांचं ठाम मत आहे. वाहनांविषयी ते सतत बोलतात, लिहितात आणि तरुण मुलं त्यांचा शब्द प्रमाण मानतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एक, कळवलं की हप्ता वाढतो. दोन, कंपनीनं विचारलेलंच नसतं, मग आपण होऊन सांगायचं कशाला? तीन, नाही सांगितलं तर कंपनीला कळणार कसं? चार, अपघाताचा आणि बदलाचा संबंध नसेल तर क्लेम अडवता येत नाही. आणि पाच, कंपन्या मुळातच लुटारू, त्यांच्याशी कसला प्रामाणिकपणा!

या पाचही मुद्द्यांत एक गोष्ट सोयीस्करपणे गृहीत धरली आहे. गाडीमालक आणि कंपनी एवढे दोघंच या व्यवहारात आहेत, असं गृहस्थ समजतात. मागच्या सीटवर बसलेली आई, रस्ता ओलांडणारा म्हातारा, उद्या ही गाडी जुन्या बाजारात विकत घेणारा नोकरदार यांपैकी कुणीच त्यांच्या हिशेबात नाही. माझा राग आहे तो यावर.

हप्त्याचं आधी बघू, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. साठ हजारांचं सीएनजी किट बाहेरून बसवलं असं धरा. २००२च्या मोटर विमा दरपत्रकानं घालून दिलेला हिशेब असा, की किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीपोटी ६० रुपये. २००७पासून ओन डॅमेजचे, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे, दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या, तरी हा हिशेब आजही सर्रास लावला जातो. म्हणजे २,४६० रुपये. १८ टक्के जीएसटी धरला तरी तीन हजारांच्या आत. तेही वर्षाला. रोज गाडी फिरवणाऱ्याचे तेवढे पैसे इंधनातच वाचतात, त्यासाठीच तर किट बसवलं! आणि या तीन हजारांपायी पणाला काय लागतं, तर चार-पाच लाखांची गाडी.

‘कंपनीनं विचारलंच नाही’ हे तर धादांत खोटं. विम्याच्या प्रस्तावाचा अर्ज उघडून बघा. गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट आहे का, उत्पादकानं गाडीबरोबर दिलेल्यांव्यतिरिक्त इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज किती किमतीच्या, नॉन-इलेक्ट्रिकल किती किमतीच्या, असे रकाने त्यात असतात. ऑनलाइन नूतनीकरण करताना हेच प्रश्न समोर येतात आणि घाईघाईत आपण सगळीकडे ‘नाही’वर टिचकी मारून पुढे जातो. अर्ज एजंटनं भरला म्हणून सुटका होत नाही, माहिती खरी असल्याची हमी तुमच्या नावानं दिलेली असते. पॉलिसीच्या अटींमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, की अर्जातली उत्तरं खरी असणं ही कंपनीच्या देण्याची पूर्वअट आहे. विम्याचा सगळा डोलारा परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा आहे. गाडीची खरी अवस्था मालकाला माहीत असते, कंपनीला नसते. म्हणून सांगण्याची जबाबदारी मालकावर.

आता गृहस्थांचा लाडका मुद्दा. तो बोलून दाखवताना त्यांचा चेहरा फुलतो: ‘कळणार कसं?’

सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये येतो तेव्हा काय करतो, हे त्यांनी एकदा शेजारी उभं राहून बघावं. आधी चेसिस नंबरचा फोटो, मग ओडोमीटरचा. मग आरसी हातात घेऊन इंधनाच्या रकान्यावर बोट. तिथे ‘पेट्रोल’ आणि डिकीत सिलिंडर. एवढ्यावरच प्रकरण संपतं. सर्व्हेअर यायच्या आधी सिलिंडर उतरवून ठेवायचा, हा गॅरेजमधला जुना सल्ला. पण सिलिंडर उतरवला तरी त्याच्या ब्रॅकेटची भोकं डिकीच्या पत्र्यात राहतात. बॉनेटखाली रिड्यूसर बसवलेली जागा धुळीत स्वच्छ चौकोन होऊन दिसते. गाडीच्या पोटाखालून गेलेली हाय प्रेशरची नळी काढायला अर्धा दिवस लागतो, आणि डॅशबोर्डवर इंधन बदलायच्या बटणासाठी पाडलेली खाच बुजवता येत नाही. गाडी रोज बघणाऱ्या डोळ्यांना हे कळायला काही सेकंद पुरतात.

इंजिनाचा रिमॅप दिसत नाही, असं कुणी म्हणेल. अनेक गाड्यांच्या इंजिन कंट्रोल युनिटमधल्या प्रोग्रॅमचा क्रमांक सर्व्हिस सेंटरच्या यंत्रावर वाचता येतो आणि तो मूळ क्रमांकाशी जुळला नाही की प्रश्न सुरू होतात. रुंद टायर, खाली बसवलेलं सस्पेन्शन, बदललेला सायलेन्सर हे तर पंचनाम्याच्या फोटोत आपोआप येतं. जागेवर जमलेल्या दहा जणांनी मोबाइल काढलेले असतात, टोलनाक्याचा कॅमेरा असतोच. आणि ज्यानं हौसेनं बदल केले त्यानंच त्याचं रील टाकलेलं असतं. खाली गॅरेजचं नाव, तारीख आणि खर्चाचा आकडा. लपवायचं होतं ते जाहीर करून झालेलं असतं, फक्त ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलेलं नसतं.

आगीच्या क्लेममध्ये तर वायरच साक्ष देते. बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटमध्ये एच-फोर बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. बाजारात त्याच मापात १००/९० वॅटचा मिळतो, आणि रात्रीच्या घाटात उजेड हवा म्हणून लोक तो घालतात. नीट रिले आणि जाड वायर न देता तो मूळ वायरिंगवर चालवला, की आधी कपलर तापतो. पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग पिना बसतात ती जागा वितळून पिना एकमेकींना चिकटतात. त्याच वायरिंगमधून कुणी फॉग लॅम्प घेतलेला असतो, कुणी मोठा हॉर्न. वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून. जळालेल्या गाडीतही फॅक्टरीचा हार्नेस आणि हाताने मारलेला जोड वेगळा ओळखू येतो. मालक सांगतो, गाडी उभ्या उभ्या पेटली. जोड सांगतो, का पेटली.

तेव्हा ‘कळणार कसं’ याचं उत्तर असं, की कळतं, आणि नेमकं वाईट वेळी कळतं. हप्ता भरताना कळलं असतं तर तीन हजारांवर भागलं असतं. अपघातानंतर कळतं तेव्हा हाडं मोडलेली असतात, गाडी वर्कशॉपमध्ये असते, कर्जाचा हप्ता चालू असतो आणि कंपनीचं नकाराचं पत्र येतं. आणि समजा, नाहीच कळलं. समजा, गृहस्थांच्या एखाद्या शिष्याचा क्लेम पास झाला. मग ते पैसे कुणाच्या खिशातून गेले? ज्यांनी खरं सांगून जास्त हप्ता भरला त्यांच्या. याला हुशारी म्हणत नाहीत. सरळ भाषेत ही फसवणूक आहे, आणि ती तरुणांना शिकवणं हा गुन्ह्याला दिलेला आशीर्वाद आहे.

हा सूर पूर्वीही ऐकलेला आहे. पुण्यात हेल्मेटचा विषय निघाला की ‘डोकं माझं आहे’ म्हणून मंडळी रस्त्यावर उतरायची. डोकं फुटल्यावर दवाखान्यात रात्र काढणारी बायको कुणाची, असं तेव्हा आम्ही विचारायचो. उत्तर मिळालं नाही. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा ‘ऊन मला लागतं’ हे ऐकलं. बंपरपुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावणारे म्हणायचे, गाडीला चरा जातो. धडक बसलेल्या पादचाऱ्याचं त्या लोखंडानं काय होतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचं काम त्यानं कसं बिघडू शकतं, हे समजावताना घसा कोरडा पडला. अखेर डिसेंबर २०१७मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. प्रत्येक वेळी ‘माझी वस्तू’ एवढाच युक्तिवाद. रस्ता कुणा एकाच्या मालकीचा नाही, ही बाब मात्र त्यात कधीच येत नाही.

चौथा मुद्दा थोडा वजनदार आहे, म्हणून त्याला न्याय देतो. अलॉय व्हील बसवली आणि मागून ट्रकनं ठोकलं, तर क्लेम सरसकट नाकारणं अन्यायाचं आहे. न्यायालयंही अनेकदा मालकाच्या बाजूनं उभी राहिली आहेत. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वापराच्या अटीचा भंग झालेल्या एका प्रकरणात क्लेम पूर्ण न बुडवता ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, असा मार्ग मान्य केला. पण हे मिळायला न्यायालयात जावं लागतं. आणि चौथा हिस्सा गेला तो गेलाच. शिवाय संबंध नाही हे ठरवणार कोण? सस्पेन्शन बदललं की ब्रेक लावल्यावर गाडीचा तोल बदलतो, रुंद टायर स्टिअरिंगच्या फेऱ्यात घासू शकतो. मालकाला जो बदल शोभेचा वाटतो, तो यंत्राला शोभेचा नसतो.

आणि तिसऱ्या माणसाचं काय? थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे तो त्याच्यासाठी. महत्त्वाची माहिती दडवली म्हणून कंपनीनं हात वर केले, तर ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश न्यायाधिकरणं अनेकदा देतात. म्हणजे वसुली शेवटी मालकाच्या घरावर येते. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम लाखांत जाते. गृहस्थांच्या सल्ल्यात या वाक्याला जागा नाही.

कंपन्या लुटारू आहेत, या पाचव्या मुद्द्याला एका ओळीत उत्तर: असतील, तर त्यांच्या हातात आयतं कारण देऊ नका.

मग करायचं काय? गाडीत बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. उत्पादकानं ठरवलेली मूलभूत रचना बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. बेकायदा बदल कंपनीला कळवला म्हणून कायदेशीर होत नाही. तो करूच नये. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. जो बदल कायद्यात बसतो, उदाहरणार्थ मान्यताप्राप्त सीएनजी किट, त्याची आरटीओत नोंद करून आरसीवर शेरा घ्यावा. किट मान्यताप्राप्त आहे याचे कागद गॅरेजकडून मागून घ्यावेत, सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट चुकवू नये. आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीला लेखी कळवावं: बिल, फोटो, आरसीची प्रत. एजंटला फोनवर सांगणं म्हणजे कळवणं नव्हे. कंपनीकडून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची लेखी नोंद, हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा.

कळवल्यानं हप्ता वाढतोच असंही नाही. दिव्यांग चालकासाठी हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवून आरसीवर तशी नोंद केली, तर जुन्या दरपत्रकात ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्के सवलत आहे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण लावलं तर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. हे किती लोकांना माहीत आहे? लपवायला शिकवणाऱ्यांनी ते कधी सांगितलं नाही.

एकदा कळवून, पैसे भरून, एन्डॉर्समेंट घेतली की त्या बदलाचं निमित्त करून कंपनीला पळता येत नाही. तरी पळाली तर विमा लोकपालाकडे तक्रार करायला एक पैसा लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. पण तिथे उभं राहायचं तर आपला कागद स्वच्छ हवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी डिकी, बॉनेट आणि आरसी यांचा मेळ बसतो का, हे सौद्याआधी बघावं. आणि ज्यांच्या गाडीत न कळवलेला बदल आज आहे, त्यांनी नूतनीकरणाची वाट बघू नये. आरसी आणि पॉलिसी समोर घेऊन बसा, गाडीत जे आहे ते त्यात लिहिलेलं आहे का ते तपासा, आणि नसेल तर या आठवड्यात कळवा.